पाचपैकी चार

वनिता गेल्याचा फोन आला, तेव्हा तिचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्या पिशवीत होता. रोह्याच्या एका शाळेत मी कारकून आहे. जगाला दोन दिवसांत दाखला देणाऱ्या मला सख्ख्या आतेबहिणीचा दाखला आणायला दोन वर्षं लागली. तिची गावची शाळा कोलाडजवळ, माझ्या वरसेतल्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर. त्या शुक्रवारी एकदाचा गेलो आणि घेऊन आलो. रविवारी पेणला जाऊन तिच्या हातात ठेवायचा, असं ठरवलं होतं. शनिवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. "दादा, वनिता गेली… डोक्यात रक्तस्राव झाला म्हनतात." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही.

वनिता पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. मूर्ती रंगवायला दहा हात लागतात, पण डोळे काढायला एकच हात बसवतात, आणि त्या कारखान्यात तो वनिताचा होता. सातवीनंतर धाकट्या भावंडांसाठी तिची शाळा सुटली ती सुटलीच. मग चाळिशीत मुलीचा जुना मोबाइल तिच्याकडे आला आणि त्यात दहावीचे फुकटचे धडे सापडले. एका कानात तार घालून ती आखणी करता करता ऐकायची. व्हिडिओतला शिक्षक म्हणायचा, आता ही आकृती नीट बघा. आणि हिची नजर तर मूर्तीच्या बुबुळावर. त्यामुळे बाई भूमिती शिकल्या त्या न बघता, कानाने. मी चिडवायचो, "काय गो, कलेक्टर व्हायचं हाय काय?" ती मान वर न करता म्हणायची, "कान मोकळाच असतो रे दादा. त्याला कायतरी काम नको?"

वही जवळ ठेवली की रंगाने भरायची, म्हणून तिने एक युक्ती काढली होती. या मूर्ती आतून पोकळ असतात. डोळे काढून झाले की ती मूर्ती मांडीवर कलती करायची आणि आतल्या पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीने ऐकलेलं लिहून बघायची. कधी समीकरण, कधी इंग्रजी शब्द. मी म्हटलं, अगं, गणपतीच्या पोटात काय लिहितेस? तर म्हणाली, "तिथं कोन बघतंय? आनि देवानं बघितलं, तर बघू दे." अशी तिची कच्ची वही दरवर्षी घरोघरी जायची आणि पाण्यात बुडायची.

दोन वर्षांपूर्वी मात्र तिने माझ्याकडे सतरा नंबरच्या फॉर्मचं काढलं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर तो भरावा लागतो, आणि त्याला शाळेचा दाखला लागतो. मी म्हटलं, तुला सगळं येतंय, मग कागद कशाला? तेव्हा ती जे बोलली ते अजून कानात आहे. "मोबाइलवाला सर सगळ्यांनाच शाब्बास म्हनतो. त्याला मी हाय का नाय ते पन ठाव नाय. मला एकदा कुनीतरी परक्या मानसानं तपासायला पायजे रे… नापास केलं तरी चालंल."

एवढंच तिचं मागणं होतं. फॉर्म निघतात नेमके गणपतीच्या घाईत. पहिल्या वर्षी ती म्हणाली, एवढं काम उरकू दे. मला तेवढंच निमित्त पुरलं. दुसऱ्या वर्षी तिने चार फोन केले आणि मी चारही वेळा "आणतो गो" म्हटलं. माझ्या आळसाला दुसरं नाव नाही. कुणी समजूत घातली की मला रागच येतो.

माझ्या घरचा गणपती दरवर्षी तिच्याच हातचा. यंदाचे डोळे तिने आधीच काढून ठेवले होते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मूर्ती आणली. शेजारी गणिताचे सर राहतात, नुकतेच बदलून आलेले. त्यांना म्हटलं, जरा धरा. पाटावर ठेवण्याआधी मूर्ती कलती केली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ होतं, दोन स्पर्शिका आणि खाली सात-आठ ओळी. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. सर मात्र वाकून शेवटपर्यंत वाचत राहिले.

"सिद्धता बरोबर आहे," ते म्हणाले. "एका पायरीचं कारण लिहिलेलं नाही. पाचपैकी चार देईन. कुठल्या शाळेतला मुलगा आहे?"

आम्ही मूर्ती पाटावर ठेवली. दीड दिवसाने तीही पाण्यात गेली, त्या सात-आठ ओळींसकट.

दाखला शाळेतल्या माझ्या खणात आहे. असे हजारो मी हाताखालून घातलेत, पण हा एकच पुन्हा पुन्हा वाचतो. नाव, जन्मतारीख, इयत्ता सातवी. शाळा सोडण्याचे कारण : सतत गैरहजर. त्याखाली शेऱ्याची ओळ कोरी आहे. परवा पेन उघडून तिथे चार लिहावेत असं मनात आलं… पण दुसऱ्या शाळेच्या दाखल्यावर कारकुनाला काही लिहिता येत नाही. मी पेन मिटलं आणि खण लावून घेतला.