सुलूआत्यांनी सांगितलेल्या मालिका

सांगवीहून धाकट्या दिरांचा, तात्यांचा फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा गाळत होते. "वैनी, सुलूअक्का पडली. ओट्यावरनं पाय घसरला. बारामतीला दवाखान्यात नेलीय, तुमी जवळ हाय, तवा..." पुढे त्यांना बोलवत नव्हतं की बोलायचं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी रिक्षाने पोहोचले तेव्हा वन्संना आत नेत होते. डोक्याला गुंडाळलेलं पातळ रक्ताने चिंब झालं होतं. डाव्या हाताचं मांस मनगटापासून कोपरापर्यंत उघडं पडलं होतं. ओट्यावरून पडलेल्या माणसाचा हात असा चिरत नाही. वार अडवायला वर केलेला हात असा चिरतो. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

ईशान, मीरा, तुम्हाला तुमच्या बाबांनी सांगितलं की सुलूआत्या घसरून पडल्या. त्यांनाही तेच कळवलं गेलं होतं. हा लेख पुरवणीत छापून येईल, चार लोक वाचतील, पण लिहिते आहे ती तुमच्यासाठी. माझ्या नणंदेवर कोयता चालवला तो महेशने. त्यांच्या सख्ख्या भाच्याने. सुट्टीत तुम्हाला निरवांगीच्या रानातून ट्रॅक्टरवर फिरवायचा, तोच तुमचा महेशकाका. त्याची आई गेल्यावर वन्संनीच त्याला काही वर्षं आपल्या घरी, कन्हेरीला आणून वाढवलं होतं. हे वाचताना तुम्हाला त्रास होईल. तरीही क्रमाने सांगते.

मालिका बघायचं ते खातं तुम्ही मला भेट दिलंत. आजीला एकटं वाटू नये, तिने इंग्रजी मालिका बघाव्यात, हा तुमचा विचार. वन्संनी महिनाभरात ते सगळ्या भावकीचं करून टाकलं. "येवढं मोठं दुकान, आन तुमी एकटंच गिऱ्हाईक? शोभतं का वैनी?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडून पासवर्ड घेतला. टीव्ही लावला की आधी गावांची नावं यायची... बारामती, कन्हेरी, सांगवी, निरवांगी. ज्याने त्याने आपलं गाव दाबायचं आणि आपण जिथे थांबलो तिथून पुढे बघायचं. शेती एकत्र राहिली नव्हती, देवही वाटले गेले होते, पण हे एक खातं सामाईक होतं.

वन्संना इंग्रजी येत नव्हतं, हिंदी बेताचं. कोरियातल्या सासवासुनांपासून इंग्लंडमधल्या पोलिसांपर्यंत त्या सगळं बघत. मी विचारलं, "कळतं का हो?" तर म्हणाल्या, "भाषा कळंना तर कळंना. मारायला उठल्यालं माणूस तोंडावरनं वळखू येतं." दुपारी बायका रानातून परतल्या की त्यांचे फोन सुरू व्हायचे. कोणाला काय बघायला सांगायचं याचा त्यांचा हिशेब माणसागणिक वेगळा होता. तात्यांची सून सविता बाळंत झाली तेव्हा तिला बजावलं, "ती खुनाची लावू नको, दूध आटंल. ती तीन म्हाताऱ्या एका बिऱ्हाडात राहत्यात ती लाव, हसून हसून टाकं तुटलं तर मला सांग." आणि तात्यांना सांगितलं, "तुमी ती पोलिसबाईची बघा. सगळ्यांचं गुमान ऐकून घेती आन मग बोलती. बघून जमतंय का बघा." तात्या चिडले, आणि त्यांनी ती मालिका एका आठवड्यात संपवली.

त्यांची एक सवय मला मात्र सोसायची नाही. त्या शेवट आधी सांगून टाकायच्या. खुनी कोण, बाई वाचते की मरते, सगळं. मी एकदा वैतागून म्हटलं, "वन्सं, शेवट कळल्यावर माणसाने बघायचं काय?" त्यांनी माझ्याकडे मान तिरकी करून बघितलं. डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या उजवा कान पुढे करत. डावा कान त्यांच्या यजमानांच्या हाताने गेला होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी. "कशी वाचली ते बघायचं," त्या म्हणाल्या. "वाचती का न्हाय ह्या धाकात जगायला आमाला घर हायच की."

विनोदी मालिका त्यांना फार आवडत, पण एकदा आमच्याकडे बसल्या असताना नवऱ्याने बायकोच्या कानाखाली मारली आणि मागून हशा वाजला. वन्सं उठल्या. टीव्ही बंद केला नाही, त्याची वायरच भिंतीतून ओढून काढली. "ह्या हसणाऱ्यातल्या एकालाबी कुणी मारल्यालं न्हाय," म्हणाल्या. त्या गोष्टीनंतर कुठलीही विनोदी मालिका कोणाला सुचवण्याआधी त्या स्वतः शेवटापर्यंत बघत आणि मगच सांगत, "ही चांगली हाय. हिच्यात कुणी हात उचलत न्हाय."

महेशची बायको रूपाली इंदापूरची. बी.ए. झालेली, मोठ्याने हसणारी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तिचं हसणं बंद झालं. घरात ती दोघंच. चुलत्यांनी, मामांनी ठरलेली वाक्यं ऐकवली, भांड्याला भांडं लागतंच वगैरे. वन्संनी तिला एक मालिका सांगितली. बर्फाळ समुद्रकाठच्या कुठल्याशा गावातली. मासे साफ करणारी एक बाई मारकुट्या नवऱ्याला सोडून निघते. फोनवर वन्सं म्हणाल्या, "रूपाली, तो सारखा तिला हुडकत येतो. लई भ्या वाटंल. पर ती जगती. आदीच सांगून ठिवते." महेश रानात गेला की रूपाली थोडी थोडी बघायची. मालिका अर्ध्यावर आली असताना एका दुपारी महेशने तिला ठिबकच्या पाइपने मारलं. पाठ, मांड्या, चेहरा, काही सोडलं नाही. तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली, मिळेल त्या गाडीला हात केला आणि माहेरी न जाता कन्हेरीला वन्संकडे पोहोचली.

महेशचा फोन आला. "आत्या, रूपी तिकडं आलीया का?"

"हितं कशाला यील? म्हायेराला गेली आसंल. तितं बघ."

त्याने इंदापूरला जाऊन सासऱ्यांच्या दाराची काच फोडली, मेव्हण्याचे दात पाडले. माझ्याकडेही आला. "काकू, बसत न्हाय," म्हणत बुटांसकट प्रत्येक खोली बघून गेला. पलंगाखालीसुद्धा वाकला. वन्संचा शब्द मात्र त्याने खरा मानला. आत्या खोटं बोलेल असं त्याला वाटलं नसावं.

कन्हेरीला रूपाली जेवत नव्हती, बोलत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. माणूस असं पडलं की वन्संना एकच औषध सुचायचं. "ऊठ, तुझी ती बर्फाची अर्धी राह्यलीय न्हवं? पुढं लई भारी हाय. लाव." रूपाली उठली. टीव्हीवर गावांची नावं आली. तिने 'निरवांगी' दाबलं, कारण तिची अर्धी राहिलेली मालिका तिथेच होती. दोघींपैकी कोणाच्याही मनात काही आलं नाही. तिच्या शेजारी बसून वन्सं त्या परदेशी नवऱ्याला अस्सल कन्हेरीच्या शिव्या देत होत्या, आणि कित्येक दिवसांनी रूपाली हसली... हे तिनेच मला सांगितलं.

तिकडे निरवांगीत महेशनेही तीच मालिका लावायला घेतली होती. बायको काय बघून बिघडली ते त्याला बघायचं होतं. आदल्या दिवशी त्याने जिथे सोडली होती, त्याच्या दोन भाग पुढे मालिका गेलेली त्याला दिसली; म्हणजे रूपाली कुठेतरी हेच खातं लावून बघत होती. तिच्या माहेरी हे खातं नव्हतं. माझ्याकडच्या खोल्या तो बघून गेला होता. तात्यांकडे ती असती तर तात्यांनीच त्याला कळवलं असतं. कन्हेरी राहिली.

वन्संचं घर उसाच्या रानात, शेजार लांब; यजमान गेल्यापासून त्या एकट्याच असत. मोटारसायकल ओळखून त्यांनी रूपालीला आतल्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दारासमोर उभ्या राहिल्या. पुढचं सगळं रूपालीने दाराआडून ऐकलं.

"आत्या, बाजूला हो."

"कोयता खाली ठिव. उसाला आणलाय का माणसाला?"

"तूच नादाला लावलीस तिला. असल्या मालिका दावून."

"व्हय, मीच दावली. तू बी बघितलीस न्हवं? मग शेवट बी ऐक. तिचा नवरा तुरुंगात सडून मरतो."

पहिला घाव टीव्हीवर बसला. दुसरा दारावर, फळीतून पातं आत आलेलं रूपालीने बघितलं. तिसऱ्याला वन्सं मध्ये गेल्या. त्या ओरडल्या नाहीत, ओरडला महेश, "सोड, आत्या, सोड!" कापलेल्या हातानेही त्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं असणार. मग धडपड ओट्याकडे सरकली, आणि दगडावर नारळ आपटावा तसा आवाज आला. मग मोटारसायकलचा. रूपालीच्या किंकाळ्या ऐकून पलीकडच्या रानातला माणूस आला, त्याने कडी काढली, आणि त्यानेच तात्यांना फोन केला.

पोलिसांना तात्यांनी सांगितलं की पडताना हाताला पत्र्याची कड लागली. फुटका टीव्ही तोवर हलवलेला होता. मी काही पाहिलं नव्हतं. ऐकणारी एकटी रूपाली, आणि ती पोलिसांसमोर खाली मान घालून बसली. दहाव्याला तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, गेली ती परत येत न्हाय. पोरगं आत गेलं तर निरवांगीचं घर बसलं. तुमी शिकल्याल्या, रूपालीला तुमीच समजवा. महेश न्यायला यील तिला. बदलंल त्यो." त्या वेळी महेश मांडवात पाहुण्यांना पाणी देत होता. वन्सं पडून गेल्या असं एकदा ठरलं की तो मोकळा, आणि मोकळा झाला की रूपाली त्याच्या घरात. त्यानंतर ती किती दिवस जगेल हे सांगायला कोणत्याही मालिकेची गरज नव्हती.

मी तिला समजावलं नाही. माझ्याकडे घेऊन आले. दाराला आतून कडी लावून आम्ही दोघी राहत होतो. मोटारसायकल वाजली की तिच्या हातातलं भांडं पडायचं. तेराव्यानंतरच्या एका दुपारी तात्यांचा निरोप आला, उद्या महेश येतोय, तिची बॅग भरून ठेवा. रूपालीने तो निरोप माझ्या तोंडून ऐकला. मग म्हणाली, "काकू, ते खातं नातवंडांचं न्हवं? पासवर्ड मी बदलू का? सगळीकडचं बंद करते."

मी माझा मोबाइल तिच्या हातात दिला. मुलांनो, पासवर्ड बदलल्याचा निरोप तुम्हाला आला तो त्या दुपारी.

पाच मिनिटंही झाली नसतील, फोन वाजायला लागले. वन्संना दवाखान्यात नेलं तेव्हा तात्यांचा एक सोडला तर फोन आला नव्हता, अंत्यविधीनंतर आला नव्हता, त्या कशा गेल्या हे विचारायला तर एकाही घरातून आला नव्हता. आता मालिका बंद पडली म्हणून भावकी मला फोन करत होती. पहिला फोन सविताचा. "काकू, आमचं अचानक गेलं हो. आत्यांनी सांगितल्याल्या मालिकेचा शेवटचाच भाग राह्यला होता..."

रूपालीने फोन माझ्याकडून घेतला. स्पीकर चालूच होता.

"वैनी, मी बंद केलंय. आत्या पडल्या न्हाईत. महेशनं कोयत्यानं मारलं त्यांना आन ओट्यावरनं ढकललं. मी दाराआड होते. समदं ऐकलंय. आता काकूंना घिऊन चौकीत चाललीय."

मग सविता हळू आवाजात बोलली. "त्या दिवशी त्यो हिकडंच आला हुता. त्याचा शर्ट मी धुतला, रूपाली. रक्त निघंना, तवा मामंजींनी चुलीत घालायला लावला..."

"मग?" रूपाली म्हणाली.

"थांब. मी बी येते. चप्पल घालते."