कालिंदीआत्याने ठेवून घेतलं

माझी कालिंदीआत्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही. शेजारचे शामराव आयुष्यभर युनियनमध्ये होते, पण काळाचौकीच्या आमच्या चाळीत आत्याशी वाद घालायला तेही कचरतात. परळच्या एका हॉस्पिटलात ती आया होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दहा बाय बाराची खोली तिने एकटीने राखली. आज मी जी काही आहे ती त्या खोलीमुळे. हे तिच्या तोंडावर सांगितलं तर म्हणेल, "बस झालं, भाजी निवड."

माझे आईबाबा बीडकडचे, ऊसतोड कामगार. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा. त्यात भांडी, गोधड्या, शेळी आणि आम्ही. पुढचे सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं. तोडायच्या उसाचा फड लांब गेला की कोपी मोडायची आणि पुढे उभी करायची. आठ वर्षांची होईपर्यंत मी एका वर्गात पूर्ण वर्ष बसले नव्हते. मला बंगला नको होता. सकाळी जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे आठवावं लागू नये, एवढंच वाटायचं.

एका जूनमध्ये आत्या गावी आली आणि मला घेऊनच परतली. महापालिकेच्या शाळेत तिसरीत बसवलं. दिवस मजेत चालले होते, तोवर दसरा आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या ड्यूटीवर गेली आणि मी कामाला लागले. वाट्या डब्यांत, चमचे मोठ्या पातेल्यात, सगळं गोधडीत घट्ट बांधलं. मांडणी रिकामी केली. कुठे जायचंय ते ठाऊक नव्हतं, पण दसरा झाला की निघायचं असतं हे पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी आत्या दारातच थबकली. "अगं बये, चोर आले की काय?" चहाला पातेलं हवं होतं, तेही गाठोड्यात. गॅलरीतली माणसं गोळा झाली, हसायला लागली.

"कुणी सांगितलं तुला निघायचंय म्हणून?" आत्याने विचारलं.

"दसरा झाला ना."

तिचं हसू गेलं. "चला, शो संपला, निघा सगळे," म्हणून तिने माणसं हाकलली आणि गाठी सोडायला बसली. "ह्या खोलीतून दसऱ्याला कुणी जात नाही, कळलं? तुझी शाळा आहे उद्या." ती चिडूनच बोलत होती, पण त्याहून गोड मला तोवर कुणी काही म्हटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आईबाबाच दारात उभे. आईच्या कडेवर तीन वर्षांचा संघर्ष, माझा भाऊ. टोळी निघायला दोन दिवस उरले होते.

"अक्का, पोरीला न्यायला आलोय," बाबा खाली बघत म्हणाले. "आमी दोघं फडात आसल्यावर ह्याला कोन बघनार? सारखं कोयत्यापशी जातंय."

बाबांचं खोटं नव्हतं. गेल्या वर्षी त्याला मीच सांभाळत होते. आता आत्या बाबांना झापेल असं वाटलं, पण तिने आधी संघर्षच्या हातात बिस्किट दिलं.

मग म्हणाली, "भिवा, पोराला बघायला पोरगी पाहिजे ना तुला? मग पोरगापण इथेच ठेव."

"अक्का, तुझी ड्यूटी…"

"ते टेन्शन तू नको घेऊ. शामराव दिवसभर पेपर वाचत बसतात, बघतील." शामरावांना तिने विचारलंही नव्हतं. त्यांनी नंतर कुरकुर केली आणि पोराला पाच वर्षं शाळेत सोडलं.

बाबा आईकडे बघायला लागले. आईने संघर्षच्या तोंडाचा बिस्किटाचा चुरा पदराने पुसला आणि त्याला आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"रातचं पानी मागतो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेले. संघर्षला कडेवर घेऊन मी गॅलरीत उभी राहिले. माणसं निघाली आणि मी मागे राहिले, असं पहिल्यांदाच होत होतं. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

आता संघर्ष कॉलेजात आहे, मी दादरच्या एका शाळेत शिकवते. आत्याचे उपकार मला लवकर कळले, आईचे कळायला फार वर्षं लागली. त्या साली ती दोन्ही पोरं मागे ठेवून ट्रकमध्ये चढली, तेव्हा कुठे मला घर मिळालं.