चौथा भिडू

कान्हे गावची शालूबाई नवऱ्याच्या माघारी वलवणला माणेकबाईंच्या बंगल्यावर स्वयंपाकाला राहिली, तेव्हा तिला पत्त्यांतलं किलवर आणि इस्पिकही वेगळं ओळखता येत नव्हतं. पण माणेकबाईंच्या ब्रिजमधली एक मैत्रीण वारली, चौघींच्या खेळाला तीनच जणी उरल्या, आणि पदराला हात पुसणाऱ्या शालूबाईला बाईंनी आपली भिडू म्हणून समोरच्या खुर्चीवर बसवलं.

शालूबाई शिकली. किलवर-चौकटीची बोली मात्र तिला उफराटी वाटे.

"मी 'एक चौकट' म्हटलं आणि तुझा हात जोरदार असला, तर 'दोन' म्हण," बाई सांगत. "हातात काही नसलं, नुसती चौकटच पुष्कळ असली, तर 'तीन.'"

"काय न्हाई तर मोट्यानं बोलायचं?"

"हो. मग दुसऱ्या जोडीला बोलायला जागाच राहत नाही."

बोलायला जागा शालूबाईलाही नव्हती. दिरांनी घरात घेतलं नव्हतं. बंगल्यामागची खोली बाईंनी दिली. लेकीचं, रतनचं लग्न बाईंनीच अंगणात मांडव घालून कान्ह्यातल्याच मुलाशी लावलं. अशा माणसाला 'आज खेळत न्हाई' कोणत्या तोंडानं म्हणायचं?

बाहत्तर सालच्या थंडीत एका दुपारी जावई महिपती सायकल मारत आला. डाव रंगात होता. तो स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाला, "मामी, रतनला कळा सुरू झाल्यात. सारकी तुमचं नाव घेतीया."

शालूबाई उठली.

"पहिलटकरीण ना? वेळ लागतो," माणेकबाई प्रेमानंच म्हणाल्या. "एवढे दोन-तीन डाव होऊन रबर संपू दे, शालू. तू गेलीस तर आम्ही तिघी काय करणार?"

शालूबाई खाली बसली. पानं वाटली गेली. बाईंनी 'एक चौकट' म्हटलं. शालूबाईच्या हातात चौकटीची हलकी पाच पानं आणि एक राणी, एवढंच. 'तीन' म्हणायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दोन चौकट," ती म्हणाली. बाईंनी चिडावं, पानं फेकावीत, 'ऊठ, चालती हो' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

बाई हुरळून थेट पाचावर गेल्या. शालूबाईनं नियमाप्रमाणे आपली पानं टेबलावर उघडी मांडली. बाई त्या एकट्या राणीकडं बघत राहिल्या. डाव सपशेल बुडाला.

"तुझं चित्त थाऱ्यावर नाही," त्या हसून म्हणाल्या. "असू दे. नवीन वाटू."

महिपती बराच वेळ दारात उभा राहिला आणि सायकल फिरवून निघून गेला.

शालूबाई कान्ह्याला पोचली तेव्हा दिवे लागले होते. नातू सुईणीच्या मांडीवर निजला होता. रतननं आईकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

तिसऱ्या दिवशी दारात बाईंची मोटर आली. आत बाळाला लोकर, रतनला सुका मेवा. ड्रायव्हर म्हणाला, "बाईंनी न्यायला पाठवलंय."

सगळी आळी मोटरीभोवती जमली. कौतुकानं एक म्हातारी म्हणाली, "शालू, नशीब काढलंस गं!"

रतन एवढंच म्हणाली, "जा, आये. खोळंबल्या असतील."

शालूबाई मोटरीत बसली.

पुढं बाईंची नजर जाईपर्यंत नऊ वर्षं ती त्या खुर्चीवर बसत राहिली. सणासुदीला कान्ह्याला जाई. नातू तिला 'वलवणची बाई' म्हणायचा, आणि जवळ बोलावलं की रतनच्या लुगड्याआड लपायचा.