बेवारस फाइल

आमच्या घरात शिकवलं ते धाकट्या भावाला. मी सातवीनंतर मेंढरांमागं. हे मी त्याला दर दिवाळीला ऐकवते आणि पुढंही ऐकवणार आहे.

त्याला हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी तिथून जवळच, मुळशी तालुक्यातल्या चांदे गावात, माझ्या घरी लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून देत होते. टायपिंग पौडच्या क्लासला जाऊन माझी मी शिकले. कॉम्प्युटर जुना होता. जवळच्या जांबे गावात भाड्यानं राहणारा एक मुलगा नोकरी सोडून गावी निघाला होता, त्याच्याकडून घेतला. घासाघीस करता करता टेबल, प्रिंटर आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याच भावात बसवून घेतलं. त्या सॉफ्टवेअरची सीडी मात्र त्याच्याकडेही नव्हती.

२००४ साली एका निवृत्त गुरुजींनी मुळशीच्या भातशेतीवरचं आपलं आख्खं पुस्तक माझ्याकडे टाइप करायला दिलं. पुण्यातल्या टायपिंगवाल्यांना सोडून माझ्याकडे. ते अर्ध्याच्या वर गेलं होतं, तेव्हा भाऊ घरी आला आणि त्यानं कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस टाकला. थोड्या वेळानं पडद्यावर लाल चौकट आली. एका फाइलीवर संशय होता. नाव विचित्र, शेवटी डीएलएल. भावानं सांगितलं, असली फाइल एकटी काही करत नाही, ती कुठल्यातरी सॉफ्टवेअरचा सुटा भाग असते. त्यानं तिची माहिती उघडली. कंपनीच्या नावाची जागा कोरी.

"आक्का, हिचा धनी कळत न्हाई. व्हायरस असणार. फॉरमॅट मारतो."

"म्हंजी?"

"सगळं पुसायचं, परत नवं टाकायचं."

"आन् गुरुजींचं पुस्तक?"

"ते सीडीवर काढून देतो की."

"काढशील. उघडशील कशात? टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी कुटं हाय?"

त्याचा हात माउसवरच होता. "आक्का, तुला त्यातलं कळत न्हाई," तो म्हणाला. हे त्यानं बोलायला नको होतं.

"हात उचल. माझ्या घरातलं काय पुसायचं ते मी ठरवीन."

मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. तो आत्ताच म्हणत होता. शेवटी चहा होईपर्यंत, यावर सौदा ठरला. चहा मी ठेवलाच नाही.

कळपात एखादं कोकरू कुठल्या मेंढीचं ते कळेना झालं, की आम्ही ते उचलून बाजूला धरायचो. जी मेंढी ओरडत मागं येते, तिचं ते. मी भावाला म्हटलं, "फाइल पुसू नको. नुसतं नाव बदल. बघू कोण वरडतंय."

त्यानं नाव बदललं. मी एकेक सॉफ्टवेअर उघडत गेले. आकडेमोडीचं, चित्रांचं, प्रिंटरचं. सगळी गप्प उघडली. मराठी टायपिंगचं उघडायला गेले, तर ते उघडेचना. मधोमध चौकट आली, अमुक फाइल सापडत नाही, आणि त्यात तेच विचित्र नाव. नाव पहिल्यासारखं केलं, आणि गुरुजींचं पुस्तक समोर आलं.

भाऊ म्हणाला, "आमच्या हापिसातबी असंच करत्यात."

"मग मगाशी का न्हाई केलंस?"

"फॉरमॅट लवकर व्हतं."

"व्हय, दुसऱ्याच्या मेंढरावर सुरी लवकरच चालती."

तो हसला. त्या फाइलीला हात लावू नये असं त्यानं अँटिव्हायरसला सांगून ठेवलं. पुढं नातेवाइकांत मात्र आक्काचा कॉम्प्युटर आपणच वाचवला म्हणून सांगत फिरला. माझ्या कानावर येईल तिथं तिथं मी ते खोडून काढलं.

त्या दिवशी मी लगेच पुढचं पान टाइप करायला बसले. तो माझ्या खुर्चीमागं उभा होता. मराठी टायपिंग त्याला येत नाही.

"आक्का, ह्यो क्ष कुठल्या बटणावर हाय?"

पान संपेपर्यंत मी उत्तर दिलं नाही. मग दाखवलं.