गार्डाच्या डब्यातला दिवा

बाबा मालगाडीवर गार्ड होते. मुलुंडला आमची खोली रुळांना लागूनच. त्यांची गाडी मागून जायची तेव्हा शेवटच्या डब्यातून ते हिरवा दिवा हलवायचे, आणि आई खिडकीत उभी राहून घरातला दिवा एकदा बंद-चालू करायची. त्याच डब्यात, ड्युटीवर असताना, छातीत कळ येऊन ते गेले. आईने ती खिडकी लावून घेतली आणि त्यांच्याबद्दल बोलणंच टाकलं. कुणी विषय काढला की उठून मोरीत जायची.

वर्षभर घरात सण नव्हता. नंतरच्या गणपतीला आरास मी हट्टाने घाटातल्या रेल्वेची केली. मला आईला बोलतं करायचं होतं, दुसरं काही नाही. पुठ्ठ्याचा गार्डाचा डबा बनवला, आगपेटीच्या काड्यांचा कठडा लावला, आणि तो नवाकोरा डबा बघून माझंच डोकं फिरलं. चक्क खेळणं! मग पॉलिश पेपरने घासला, चहाचं पाणी फिरवलं, वर कंदिलाची काजळी. गंज हवा होता, तो त्या बंद खिडकीच्या गजांवरून खरवडला आणि डिंकात कालवून कडांना लावला.

"आधी नवं करायचं, मग त्याची वाट लावायची. धन्य आहेस दादा!" बहीण म्हणाली. पण डबा आरासीत ठेवल्यावर तीही दोन पावलं मागे सरली. आता आतून कुणीतरी बाहेर येऊन कठड्याशी उभं राहील असं वाटत होतं. खरं सांगतो, मी टरकलो.

डब्याला मागे टॉर्चचा बल्ब होता, त्यावर लाल जिलेटिन कागद. संध्याकाळी आरती झाली, शेजारीपाजारी गेले, आणि आई आरासीपुढे येऊन थांबली.

"लाल कशाला रे लावलास? आपल्याला हिरवा दाखवायचे ते."

तिने मखराचा उरलेला हिरवा कागद शोधला, लाल काढून तो स्वतः गुंडाळला. हात लागल्याने असेल, बल्ब मिणमिणायला लागला. सोल्डरिंग मीच घाईत केलेलं. मी पक्कड घेऊन पुढे झालो.

"राहू दे," आई म्हणाली. "विचारतायत ते."

ती भिंतीवरच्या बटणाशी गेली. घरातला दिवा एकदा बंद केला, चालू केला. मग बंद खिडकीशी जाऊन कडी ओढायला लागली.

कडी गंजून बसली होती. तिला निघेना. पक्कड माझ्या हातातच होती.