कप्प्यातलं जास्तीचं चित्र

शुभदा गेल्याचा तिच्या नवऱ्याचा, अविनाशचा, फोन आला तेव्हा मी पनवेलला नाटकाच्या तालमीत पुठ्ठ्याचा मुकुट घालून उभा होतो. "काय सांगतोस?" एवढंच बोललो... आणि दिग्दर्शक ओरडला, "पुन्हा घे, पोचत नाहीये!" शुभदा असती तर हसून लोळली असती.

ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. नवीन पनवेलच्या एका खोलीत चित्रांच्या मदतीने मानसोपचार करायची. जे बोलवत नाही ते माणसं तिथे रंगवायची. प्रत्येकाचा वेगळा कप्पा. माणूस उठून घरी गेला की ही बया त्याच्याच खुर्चीत बसून, त्याच्याच रंगांनी स्वतः चित्र काढायची आणि त्याच कप्प्यात टाकायची. सही नाही, काही नाही. मी चिडवायचो, "अगं, फी त्यांची आणि उपचार तुझ्यावर!" "असेल रे... पण नाही काढलं तर पुढच्या माणसाचं मला ऐकूच येत नाही." "मग ते चित्र तुझं की त्याचं?" "तेच तर कळत नाही."

घरी तिने कधी रेघही मारली नव्हती. त्यामुळे अविनाश म्हणाला, "लोकांची चित्रं लोकांना देऊ. मला तिचं फक्त एक हवंय." आम्ही एकेकाला बोलावून आपापला कप्पा उघडून आपलं नसलेलं चित्र वेगळं काढायला सांगितलं, आणि झाली पंचाईत! जो तो अख्खा गठ्ठा आपलाच समजून घेऊन गेला. अविनाशचा चेहरा उतरत चालला.

शेवटी आल्या उरणच्या हिराबाई. (हे बदललेलं नाव त्यांनीच सुचवलं, लिहायच्या परवानगीसकट.) त्यांचा नवरा मासेमारीला गेला तो परतलाच नाही. कप्प्यात घरंच घरं, आणि एक काळानिळा समुद्र. तो त्यांनी बाजूला सारला. "ह्यो माजा नाय. मी दर्या कदी काढलाच नाय. नावच घेतलं नाय." मग पुन्हा जवळ ओढला. "मॅडमना कसा दिसला?"

अविनाशने हात पुढे केला. हिराबाई कागद सोडेनात. "साहेब, तुमचंच हाय. पन बगा ना... आत माजा मानूस हाय."

अविनाशने हात मागे घेतला. टाळी कुठे पडणार हे मला एरवी आधीच कळतं. तिथे काहीच कळेना.

आता ते चित्र उरणला हिराबाईंच्या घरी, भिंतीकडे तोंड करून असतं. अविनाश अधूनमधून जातो. तो आला की हिराबाई चित्र फिरवतात, चहा टाकतात, आणि दोघं त्याच्यासमोर बसतात. परवा मीही गेलो. कोण कोणाला सोबत करतंय, विचारायला तोंड उघडलं... तर हिराबाई म्हणाल्या, "बसा गप जरा." आणि मी, चक्क मी, गप्प बसलो.