बॉयलरवाल्याची चाल

पहाटे साडेचारला प्रेसवाल्याचा दिवस उजाडायचा. सहाच्या पाळीला तो रेकॉर्डच्या कारखान्यात तबकड्या दाबायच्या आपल्या यंत्रापाशी उभा. काळा गरम गोळा साच्यात ठेवायचा, यंत्र मिटायचं, आधी वाफ, मग गार पाणी. जरा लवकर उघडलं की तबकडी वाकडी. घड्याळाकडे बघायला सवड नसे, म्हणून त्याच्या जिवाभावाच्या दोस्ताने, बॉयलरवाल्याने, एक गाणं रचून दिलं होतं. पहिलं कडवं संपलं की वाफ बंद, दुसरं संपलं की साचा उघडायचा. गाणं कधी चुकलं नाही.

एकदा एक परदेशी गिटारवाला कारखाना बघायला आला. गाणं ऐकून थबकला. दुभाष्याने विचारलं, "चाल कुणाची?"

"माझीच," प्रेसवाला बोलून गेला.

बॉयलरवाला दारातच फावडं घेऊन उभा होता. जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "काय गवईबुवा, आता आम्हाला ओळख द्याल ना?" आणि हसला. प्रेसवाल्याने अर्धी भाकरी डब्यात परत ठेवली.

दोन वर्षांनी तीच चाल गिटारवर, संथ, विरहगीत होऊन परत आली. मग आणखी पाच-सहा भाषांत. पाकिटावर चालीसाठी प्रेसवाल्याचं नाव. तबकड्या काढायचं कामही त्याच्याच यंत्रावर आलं. चोरलेल्या गाण्याच्या हजारो तबकड्या त्याने तेच गाणं म्हणत काढल्या; एकही वाकडी नाही. बॉयलरवाला तोवर छातीच्या दुखण्याने गेला होता.

त्याच्या बायकोने एकदा विचारलं, "भाऊजी, रेडिओवर लागतं ती चाल ह्यांची ना हो?"

"कारखान्यात सगळेच गुणगुणायचे, वहिनी."

हे उत्तर त्याला दहा वर्षं कुरतडत राहिलं. निवृत्त झाला त्याच आठवड्यात तो तिच्या दारात गेला. "वहिनी, मी खोटं बोललो. चाल त्याची. अख्खी त्याची."

 ती म्हणाली, "दहा वर्षं तोंडात काय गरम गोळा धरला होतात?"

तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल का ते गाणं? मला रेकॉर्ड काढायचीय."

"म्हणेन. तुम्ही यंत्रासारखं म्हणता. हे नव्हते असं म्हणत."

शंभर तबकड्या त्याने साठवलेल्या पैशांतून, कारखान्यातल्या आपल्या जुन्या यंत्रावर स्वतः उभं राहून काढल्या. वहिनीने एक ठेवून घेतली. "बाकीच्या घरोघर तुम्हीच पोचवा. आणि प्रत्येक दारात सांगा, कुणाची ते."

माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. तो पिशवी उचलून निघाला. चौतीस वर्षांच्या घामातून साठलेलं सगळं त्या पिशवीत होतं: नव्याण्णव तबकड्या, आणि प्रत्येकीच्या लेबलावर बॉयलरवाल्याचं पूर्ण नाव.